गाबोळीची माशी

सिराक्यूज, न्यूयॉर्क, १८ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, शिव्या पोचल्या. पत्र लिहितो लिहितो म्हणून सहा महिने झुलवलं हे मान्य, पण आज कारणच तसं आहे. लेका, मासा लागला! तिसऱ्या सीझनला का होईना, लागला.

नदीचं नाव सॅल्मन रिव्हर, गाव पुलास्की, घरून गाडीने पाऊण तास. ही नदी लेक ऑन्टॅरिओला मिळते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ्यातले चिनूक सॅल्मन अंडी घालायला वर चढतात, हातभर लांब एकेक. म्हणजे आपली वलगणच रे, फक्त पाऊस नाही, बेडूक नाहीत आणि हाताने मासा धरलास तर दंड. गंमत म्हणजे हे मासे इथले नाहीतच, पॅसिफिकचे. इथला स्वतःचा अटलांटिक सॅल्मन गिरण्यांच्या बंधाऱ्यांनी आणि जंगलतोडीने शंभरेक वर्षांपूर्वीच संपला. पुढे तळ्यांमधे एलवाइफ नावाच्या बारक्या माशाचा एवढा सुळसुळाट झाला की मेलेल्यांचे ढीग किनाऱ्याला लागायचे, म्हणून मिशिगनवाल्यांनी १९६६ ला ते एलवाइफ खाऊन टाकायला कोहो सॅल्मन सोडले, मग चिनूक, मग न्यूयॉर्कनेही तेच केलं. आता वर ऑल्टमारच्या हॅचरीत अंडी काढून पिल्लं वाढवतात, ती तळ्यात तीनेक वर्षं काढून बरोब्बर ह्याच नदीत परत.

मला लागला तो चिनूक नाही हां, स्टीलहेड. जात रेनबो ट्राउटचीच, पण तळ्यात राहून माजलेला. चिनूक नदीत शिरला की खाणं सोडतो, अंडी घालतो आणि मरतो, ऑक्टोबरअखेर काठाला असा वास सुटतो की आपली सुकटीची वाळवण अत्तर वाटावी. स्टीलहेड त्याच्या मागोमाग येतो, वाहून जाणारी अंडी खायला. मग गरीला काय बांधायचं? गाबोळी, माशाची अंडी! म्हणजे खरी नाही, केशरी धाग्याचा हरभऱ्याएवढा गोळा. फ्लाय म्हणजे खरं तर गरीवर दोऱ्या-पिसांची बांधलेली खोटी माशी, पण ह्याला पण फ्लायच म्हणतात, गाबोळीला माशी का म्हणायचं ते मला विचारू नको.

फ्लायला वजन जवळपास नसतंच, फेकायची असते ती जाड दोरी, गरी बिचारी तिच्यामागून जाते. पहिल्या वर्षी मी मासा सोडून सगळं धरलं, झाड, स्वतःची टोपी, शेजारच्याचं जॅकेट. पण खरी मेख फेकण्यात नाही. वरचं पाणी जोरात पळतं आणि तळाचं हळू, त्यामुळे दोरी पुढे जाऊन गोळ्याला ओढते आणि गोळा जरा जरी पळाला की मासा तोंड फिरवतो, अंडं कधी पळतं का! म्हणून सारखी दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकत राहायची. दिवसभर. एवढंच काम.

वर धरण आहे. ह्या दिवसांत कमीत कमी ३३५ क्युसेक सोडतात, फार वाढवलं की उभं राहता येत नाही. आपण क्युसेक ऐकायचो ते पुराच्या बातम्यांत, इथं मी रोज सकाळी फोनवर आकडा बघतो, बायको म्हणते लोक शेअर मार्केट बघतात तसा.

तर शनिवारी थंडी एवढी की रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता, तो नखाने काढायचा, टाकायचं, परत काढायचा. दोरी थांबली, म्हटलं दगड, उचलली तर दगड पळायला लागला. दोनदा पाण्याबाहेर उडाला, मी मागे धावलो, शेवाळावर घसरलो, वेडर्समधे, म्हणजे छातीपर्यंतच्या रबरी विजारीत, बर्फाचं पाणी, तरी रॉड सोडला नाही. असेल आठ पौंडांचा, अंगावर गुलाबी पट्टा. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरला, मिनिटभराने शेपटी झटकून गेला.

हो, सोडला. नदीच्या त्या भागात फ्लायनेच धरायचं आणि सोडायचं असाच नियम आहे, आणि तसेही ह्या तळ्यातले मोठे मासे जास्त खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं. आईला फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, निदान गाबोळी तरी काढून घ्यायचीस.

जूनच्या पहिल्या पावसाला येतोय, तिकीट काढलंय. पागराच्या जाळ्याची शिसं तुटली होती ती बसवून ठेव. आणि नाल्यात अजून मळे मासे चढतात का ते खरं सांग, खाली बंधारा झाल्यापासून तू विषय टाळतोयस.

तुझाच,
पक्या