फॉरमॅट मारण्याआधी हे वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा निरोप वाचला. येत्या रविवारी मशीनला फॉरमॅट मारून माझ्यासारखं लिनक्स टाकणार म्हणतोस. तेव्हापासून मला चैन नाही, कारण हा सल्ला माझाच होता. पाच महिन्यांपूर्वी मीच तुला लिहिलं होतं, की जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून लिनक्स टाकलं आणि कॉम्प्युटर हँग व्हायचा थांबला. ते मी खरं समजून लिहिलं होतं, पण ते खरं नव्हतं. फोनवर अर्धं सांगायचं राहून जाईल, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दोन वर्षं मी काय सोसलं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. ओळ टाइप करता करता कर्सर जागच्या जागी थिजायचा. माउस हलायचा नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा दाद द्यायचा नाही. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा चालू करायचं आणि वाचलं किती, गेलं किती याचा हिशोब करत बसायचं. कधी आठवड्यातून एकदा, कधी एकाच दुपारी तीनदा. एका संध्याकाळी एकशे चाळीस पानांच्या मुद्रितशोधनाची फाइल उघडेचना. लिबरऑफिसची ओडीटी फाइल म्हणजे मुळात झिपच, अनेक फाइलींची एक बांधलेली मोट असते, हे त्या रात्री शोधता शोधता समजलं. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं, आतली 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल बाहेर काढली आणि कोनी कंसांच्या गर्दीतून एकेक परिच्छेद वेचला. हातावेगळं झालं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. डोळ्यांची आग होत होती आणि मनात एकच: या सिस्टीमवर यापुढे काम करायचं नाही.

पण मला खरं लागलं ते हे नव्हे. मशीन बंद पडतं तेव्हा निदान बंद पडल्याचं दिसतं तरी. एका लेखकाचा फोन आला. त्यांच्या हस्तलिखितात 'पुढचा काळ कठीण होता' असं होतं आणि मी पाठवलेल्या प्रतीत 'पुढचा गाळ कठीण होता' छापून आलं होतं. "हे तुम्ही बदललंत का?" त्यांनी शांतपणे विचारलं, पण मी दिवसभर अस्वस्थ होतो. ते पान मी दोनदा वाचलं होतं. आठवड्याआधीची प्रत उघडली तर तिच्यात स्वच्छ 'काळ'. त्या पानावर नंतर मी काहीही केलं नव्हतं. तरी मी स्वतःलाच दोष दिला. मी ज्या इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करतो, तिच्या कीबोर्डवर क च्या वरच ग असतो, दोन्ही एकाच बोटाचे. म्हटलं, फाइल चाळताना बोट लागलं असेल. हे लक्षात ठेव, पुढे पुन्हा येणार आहे.

तर मी डेबियन टाकलं, लिनक्सचाच एक प्रकार. नऊ दिवस मशीन एकदाही अडलं नाही आणि नवव्या रात्री मी तुला ते पत्र लिहिलं. किती आनंदात लिहिलं होतं! दहाव्या दिवशी ब्राउझर आपोआप मिटला. मग चारशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ करताना लिबरऑफिस अर्ध्यावर बंद पडलं. नवी सिस्टीम अजून नीट बसली नसेल, अशी मी तिचीही समजूत काढून घेतली. खरी शंका आली ती बॅकअप घेताना. मोठी फाइल बाहेरच्या डिस्कवर नेली, की तिचा 'चेकसम' काढून जुळवून बघायची मला सवय आहे. सगळ्या फाइलवर गणित करून निघालेला चौसष्ट अक्षरांचा तो ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. त्या दिवशी ठसे जुळेनात. म्हणून मूळ फाइलचाच पुन्हा काढला. वेगळा आला. तिसऱ्यांदा काढला, तो पहिल्यासारखा. फाइल तीच, हात न लावलेली, आणि उत्तरं दोन. ज्या मशीनला एकच बेरीज दोनदा सारखी येत नाही, त्याच्यावर कुठली सिस्टीम आहे याला अर्थ उरत नाही.

संशय रॅमवर गेला, म्हणजे काम चालू असताना मशीन सगळं जिथे तात्पुरतं ठेवतं त्या स्मृतीवर. त्या रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेतलं. ते कुठल्याच सिस्टीमवर चालत नाही, मशीन चालू होताना स्वतःच बूट होतं, म्हणजे सुरू होतं. निळा पडदा, वर आकडे, मध्ये सरकणारी टक्केवारी. ते रॅमच्या प्रत्येक जागी ठरलेला नमुना लिहितं आणि परत वाचून बघतं: सगळीकडे १ लिही, वाच, सगळीकडे ० लिही, वाच, उलटसुलट लिही, वाच. चाळीसेक मिनिटं झाली असतील, आणि लाल ओळ उमटली. मग दुसरी, मग सलग. प्रत्येक ओळीत काय यायला हवं होतं आणि काय आलं हे शेजारी शेजारी. फरक दर वेळी एकाच बिटाचा, म्हणजे एकाच ० किंवा १ चा. ० लिहिलेल्या जागी १ येत होता. माझ्याकडे रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक होत्या. एक काढली, चाचणी. मग दुसरी. एक पहाटेपर्यंत स्वच्छ, दुसरी पुन्हा लाल. स्लॉट बदलून पाहिला, तर दोष स्टिकबरोबर गेला. म्हणजे स्लॉट नव्हे, स्टिकच.

आता 'काळ' आणि 'गाळ'. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात क चा क्रमांक २३२५ आणि ग चा २३२७. कॉम्प्युटर ते १ आणि ० मध्ये ठेवतो: क म्हणजे १००१०००१०१०१ आणि ग म्हणजे १००१०००१०१११. नीट बघ, उजवीकडून दुसरा आकडा. तिथला ० चा १ झाला की क चा ग. हेच घडलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, बोटही लागलेलं असू शकतं. पण हे दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले तेव्हा अंगावर काटा आला. दोन वर्षांत असे किती शब्द माझ्या हातून छापायला गेले असतील, जे वाचायला अर्थपूर्ण वाटले आणि म्हणून कुणाच्या नजरेत आले नाहीत?

मला यातली एक गोष्ट फार खुपते. ही चूक पकडायचा उपाय कधीपासून आहे. ईसीसी नावाची रॅम असते, तिच्यात जास्तीचे बिट ठेवलेले असतात. एक बिट बदलला तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते, दोन बदलले तर निदान सांगते. सर्व्हरमध्ये ती सर्रास असते, तुझ्यामाझ्या घरच्या मशीनमध्ये बहुधा नसते. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश यंत्रांमध्ये रॅमची दुरुस्त करता येण्याजोगी निदान एक चूक आढळली होती. तिथे ती दुरुस्त होते आणि नोंदली जाते. आपल्याकडे कुणाला पत्ताही लागत नाही आणि शिव्या सिस्टीमला बसतात. लिनक्स लिहायला घेणाऱ्या लिनस तोरवाल्डस यांनीही २०२१ च्या सुरुवातीला याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला होता. मला तो शंभर टक्के पटतो.

शेवटी जुनी डिस्क परत लावून पाहिली, जुन्या सिस्टीमसकट. खराब स्टिक काढलेलीच होती. आठवडाभर त्याच सिस्टीमवर तेच काम केलं, तशाच चारशे पानांच्या पीडीएफ काढल्या. एकदाही हँग नाही. दोन वर्षं मी तिला बोल लावले, दोनदा नव्याने टाकली, आणि ती त्यातली अपराधीच नव्हती.

मग मी लिनक्सवर का राहिलो, असं तू विचारशील. कारण माझी दुसरी एक तक्रार होती, आणि ती मी या हँग होण्यात मिसळून टाकली होती. काम ऐन भरात असताना अपडेट येणं, कालपर्यंत जिथे बटण होतं तिथून ते हललेलं असणं, न मागितलेली नवी गोष्ट पडद्यावर उघडणं. ही तक्रार खरी होती आणि ती रॅम काढून मिटली नसती. डेबियनच्या 'स्टेबल' आवृत्तीचा अर्थ मी आधी 'बंद न पडणारी' असा घेतला होता. तो अर्थ तसा नाही. स्टेबल म्हणजे न बदलणारी. एकदा आवृत्ती निघाली, की तिच्यात सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या येतात, बाकी कार्यक्रम आहेत तसेच राहतात. नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. माझ्यासारख्या एकाच प्रकारचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. तुला नवनवीन गोष्टी आवडतात, तुला कदाचित जुनाट वाटेल.

आणि त्रास आहेत, ते मागच्या पत्रात मी लिहिले नव्हते. प्रिंटर तीन दिवस लागला नाही. जुनी डिस्क परत लावली तेव्हा दोन्ही सिस्टीम शेजारी होत्या, त्या आठवड्यात एकीतून दुसरीत गेलं की घड्याळ काही तासांनी चुकायचं. एक मशीनच्या घड्याळाला स्थानिक वेळ समजते, दुसरी जागतिक वेळ. सेटिंग बदललं की मिटतं, पण कारण कळेपर्यंत वैताग येतो.

तुझ्या बाबतीत मला जास्त काळजी आहे ती टिपणांची. इतक्या वर्षांची तुझी टिपणं जुन्या फाँटमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत, बरोबर? त्या फाइलींमध्ये मराठी अक्षरं नसतातच. असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की मुखवटा गेला आणि 'नदीचं खोरं' च्या जागी एबीसीडीचा आणि टिंबाकंसांचा नुसता कालवा. माझ्या २००३ सालच्या फाइली तशाच उघडल्या होत्या. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नकोस. जुने फाँट अक्षरं दिसण्याच्या क्रमाने ठेवतात: 'कि' मध्ये आधी वेलांटी, मग क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. रफाराचंही असंच. म्हणून रूपांतरात पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरी र हमखास मोडतो, जोडाक्षरं सुटतात. माझी साठ पानं मूळ प्रतीशी ताडून बघायला चार दिवस गेले. तुझी शेकड्यांनी आहेत. हे काम जुनं मशीन आणि जुना फाँट हाताशी असतानाच करायचं. फॉरमॅट मारल्यावर ताडायला समोर काहीच उरत नाही.

म्हणून रविवारी फॉरमॅट मारू नकोस. आधी सगळ्या टिपणांची प्रत दोन ठिकाणी घे, आणि प्रत घेतली एवढ्यावर न थांबता दुसऱ्या कुठल्या तरी मशीनवर त्यातल्या दहा-बारा फाइली उघडून बघ. जिथे पान हुबेहूब जपायचंय त्याची पीडीएफ आत्ताच काढून ठेव. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती 'स्मार्ट' माहिती काढून 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' चा, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा, आकडा मला पाठव. तो वाढत असेल तर बाकी सगळं सोडून आधी डिस्क बदलू. लिनक्स बघायचं असेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशीनवर न टाकता, चालवून बघ, डिस्कला हात लावायचं कारण नाही. तुझा प्रिंटर आणि वायफाय चालतात का तेवढं तिथेच कळेल.

आणि शनिवारी रात्री मेमटेस्ट लाव. पेनड्राइव्ह मी तयार करून ठेवलाय, उद्याच पाठवतो. बूट होत नसेल तर बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन 'सिक्युअर बूट' तेवढ्यापुरतं बंद कर, झालं की पुन्हा चालू. एक फेरी पुरी झाली म्हणून थांबवू नकोस, रात्रभर चालू दे. माझ्याकडे एकदा पहिल्या फेरीत काहीच दिसलं नव्हतं. लाल ओळ दिसली तर तिचा फोटो काढ आणि मला फोन कर, किती का वाजलेले असेनात. मी जागाच असेन.

तुझाच,
मित्र