बाईंची पेटी भुलाबाईच्या आधी वाजली पाहिजे : गावकरी व माजी विद्यार्थ्यांना आवाहन

जय गुरू!

गावातील सर्व दादा-भाऊ, माय-बहिणी आणि नोकरीपायी नागपूर-पुण्या-मुंबईकडे गेलेले शाळेचे माजी विद्यार्थी, सर्वांना वाचनालय व महिला भजनी मंडळातर्फे नमस्कार. बाईंची पेटी (हार्मोनियम) नादुरुस्त आहे. ती भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या महिनाभराच्या गाण्यांच्या सणाच्या आधी वाजती व्हावी, म्हणून हे मदतीचं आवाहन.

येत्या मार्गशीर्षात बाईंना जाऊन वर्ष होईल. कोणत्या बाई, हे आपल्या गावात सांगावं लागत नाही. जिल्हा परिषदेच्या आपल्या शाळेत त्यांनी ३४ वर्षं शिकवलं. आधी माय शिकली, मग तिची लेक शिकली. एकोणतीसचा पाढा ज्यांना आजही तोंडपाठ आहे त्यांनी तो म्हणून पाहावा, तो बाईंच्या चालीतच ओठावर येतो. पऱ्हाटीच्या काड्या आणि कापसाच्या रिकाम्या बोंडांची तोरणं करून त्यांनी वर्ग सजवला होता, बाहेरून विकत आणलेली एक पताका त्यात नव्हती.

यजमान लवकर गेले, पदरात दोन लेकरं. त्यांची लेक तेरवीच्या दिवशी सांगत होती, "आई कणीक मळता मळता आमच्याकडून सरगम म्हणून घ्यायची. सूर चुकला की परातीवर बोटानं टक् करायची. तव्यावरची पोळी करपली तरी चालेल, पण सूर लागल्याशिवाय उलटायची नाही." हे ऐकून मांडवातल्या सगळ्यांचे डोळे भरून आले, कारण ती टक् आम्ही सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी बाईंनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकली होती. १९६८ साली महाराज गेले तेव्हा त्या शाळेतच शिकत होत्या. तेव्हापासून सायंकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही, आणि गावात पेटी आल्यावर प्रार्थनेला पेटीवर त्याच बसत. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता, हे त्या मुलांना मुद्दाम सांगायच्या. "रेडिओनं जिला ३१ वर्षं बाहेर ठेवलं, ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसेल," असं म्हणून टेबलाशेजारी पेटीसाठी वेगळं बाक ठेवलं होतं.

भुलाबाईचं तर सगळं श्रेय बाईंचंच आहे. टीव्ही आल्यावर घरोघरच्या भुलाबाई बंद पडल्या, तेव्हा त्यांनी शाळेत भुलाबाई, भुलोबा आणि गणोबा बसवले. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर टिपऱ्या, गाणी आणि झाकलेली खिरापत ओळखायचा खेळ. मखराला ज्वारीचे धांडे लागतात आणि शिवारात जिकडे तिकडे सोयाबीन झालं, म्हणून शाळेच्या कुंपणाला त्या दोन ओळी ज्वारी पेरायच्या. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे बसून त्यांनी ही गाणी जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतली. दोन गावांत एकाच गाण्याची चाल वेगळी असेल तर दोन्ही लिहिल्या, खाली कुणाच्या तोंडून ऐकली तेही लिहिलं.

मंडळाला पूर्वी ज्यांनी हात दिला त्यांना आम्ही विसरलेलो नाही. ही पेटी घेतली तेव्हा पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे बाजारातून घरी न नेता थेट बाईंच्या हातात ठेवणारे काकाजी आज नाहीत, त्यांची आठवण येते. गिरणीवाल्या भाऊंनी वर्षभर दर पायलीमागे चिमूटभर पैसा बाजूला टाकून तबला-डग्गा आणून दिला. मुंबईला पोलिसात असलेल्या आपल्या पोरानं पहिल्या पगारातून वाचनालयाला कपाट दिलं, ते अजून एकही दार न कुरकुरता उभं आहे. मोलमजुरी करणाऱ्या आपल्या बायांनी निंदणाच्या रोजीतून दहा-दहा रुपये दिले, त्याची किंमत आम्ही कशात करणार?

आता जे मनात आहे ते बोलतो. गुढीपाडव्याला हेच आवाहन फळ्यावर लावलं होतं. सभेला ७ जण आले, त्यात ४ आम्ही समितीचेच. त्याच महिन्यात मिरवणुकीच्या डीजेची वर्गणी एका संध्याकाळी जमली. कुणावर राग नाही, पण वाईट वाटलं. ज्यांच्या पोरांना बाईंनी घरी बसवून फुकट शिकवलं तेही आले नाहीत.

पेटीची अवस्था अशी आहे : भात्याला तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबची ठिगळं, मधल्या सप्तकातला गंधार दाबला की वर उठतच नाही. पट्ट्यांवर पहिलीच्या पोरांसाठी बाईंनी लाल नेलपेंटनं घातलेले ठिपके मात्र तसेच आहेत. कारागीर म्हणाला, आतले पितळी सूर अजून चांगले आहेत, पण ओलीत आणखी एक पावसाळा गेला तर पितळेला कळंक चढेल आणि मग पेटी नुसती खोकं राहील. ठिपके पुसायचे नाहीत, हे त्याला बजावून सांगितलं आहे.

खर्च : पेटी दुरुस्ती ९,०००, तबल्याच्या पुड्या (वरची कातडी) व खंजिऱ्या ६,०००, बाईंच्या वह्यांमधील गाण्यांचं पुस्तक ३०० प्रती २७,०००, शनिवारच्या संगीत वर्गासाठी शिक्षकांचं मानधन व एसटी भाडं महिना २,००० प्रमाणे वर्षाचे २४,०००. एकूण ६६,०००. जमा २१,५००, कमी ४४,५००. रोख रक्कम कोषाध्यक्षांकडे द्यावी व पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. क्यूआर कोड वाचनालयाच्या दारावर आहे, बाहेरगावच्यांनी घरच्यांकडून फोटो मागवावा. तूर, गहू, हरभराही चालेल. पोळ्यापर्यंत रक्कम आली तरच भाद्रपदी पौर्णिमेला पेटी तयार होईल. हिशेब कोजागिरीला सर्वांसमोर वाचला जाईल. सभा येत्या रविवारी प्रार्थनेनंतर, वाचनालयात.

आपला,
सचिव

ता. क. : बाईंच्या एकूण पाच वह्या होत्या, त्यातली दुसरी सापडत नाही. निळ्या पुठ्ठ्याची आहे, कोपऱ्यावर हळदीचा डाग आहे. कुणी वाचायला नेली असेल तर रात्री वाचनालयाच्या खिडकीत ठेवून दिली तरी चालेल, कुणी काही विचारणार नाही.