दाबायचं कशाला, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर लागला की गावोगावी स्तनांच्या कॅन्सरच्या तपासणीची शिबिरं भरतात आणि मला ओळखीच्या बायकांचे फोन यायला लागतात. "ते मशीन फार दाबतं म्हणे. जाऊ की नको?" बावीस वर्षं मी मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांचा एक्स-रे फोटो काढायच्या, खोलीत काम केलं. सुरुवात फिल्मच्या कॅसेटवर केली, निवृत्त झाले ती डिजिटल मशीनवरून. परवा शेजारच्या सुनेने मोबाइलवर फिरणारा एक निरोप दाखवला. दाबल्याने गाठ फुटते आणि रोग अंगभर पसरतो, असं त्यात लिहिलं होतं. त्यात काहीही तथ्य नाही. पण असले निरोप बायकांना खरे वाटतात यात आमचीही चूक आहे. दाबायचं कशाला, हे आम्ही त्यांना कधी नीट सांगितलंच नाही.

छातीचा नेहमीचा फोटो शंभर-सव्वाशे किलोव्होल्टवर, म्हणजे जोरकस किरणांनी, काढतात. तिथे एकीकडे हाड, दुसरीकडे हवा, त्यामुळे फरक आपोआप उमटतो. स्तनात चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि असलीच तर गाठ, सगळं मऊच. जोरकस किरण तिन्हींतून जवळपास सारखेच पार होतात आणि फोटो सगळा एका राखाडी रंगाचा येतो. म्हणून इथे २५ ते ३२ किलोव्होल्टच वापरतात. आमच्या पहिल्या मशीनच्या किरण सोडणाऱ्या नळीत मॉलिब्डेनम धातू होता. त्यातून १७.५ आणि १९.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण भरपूर निघतात, आणि पुढे बसवलेला त्याच धातूचा ०.०३ मिलिमीटरचा पातळ पत्रा २० च्या वरचे बरेचसे किरण अडवतो. आता डिजिटल मशीनमध्ये टंगस्टनची नळी असते, पत्रा ऱ्होडियमचा किंवा चांदीचा. अशा मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, किरणांनीच ग्रंथी आणि गाठ वेगळी दिसते, आणि मिठाच्या कणाहूनही बारीक असा चुन्याचा (कॅल्शियमचा) कण उठून दिसतो. पुष्कळदा रोगाची पहिली खूण तेवढीच असते.

पण मऊ किरण मांसात लवकर अडकतात. साधारण सेंटिमीटरभर जाडीत निम्मे संपतात. म्हणून दाबून स्तनाची जाडी दीड सेंटिमीटरने जरी कमी झाली तरी किरण पुष्कळ कमी लागतात. आत इकडेतिकडे उडून फोटो धुरकट करणारे किरणही घटतात. स्तन हलत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकावर एक आलेल्या ग्रंथी दाबाने पसरतात.

हे मला एका बाईंनी शिकवलं म्हटलं तरी चालेल. एका तालुक्याच्या गावी शिबिर होतं, मशीन गाडीत. दुपारपर्यंत रांग लांबलेली, आणि आयोजक दर दहा मिनिटांनी डोकावून "ताई, उरका" म्हणत होते. पन्नाशीच्या आतबाहेरच्या एक बाई उभ्या राहिल्या. खुरपणीची हजेरी बुडवून आल्या होत्या. दाबायची पट्टी खाली आणली तशी त्या कळवळल्या आणि मी दाब सोडला. मशीनवर जाडी ६२ मिलिमीटर दिसत होती, तशीच कळ दाबली. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू खाली स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसायला हवा, तो अर्ध्यावरच तुटला होता. खालचा भाग हललेला, आणि मध्ये एक पांढुरका डाग. डॉक्टरांनी त्यांना परत बोलावलं.

आठ दिवसांनी त्या दवाखान्यात आल्या तेव्हा डोळे खोल गेले होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पहिला फोटो दाखवला, दाब कशाला ते सांगितलं. मग त्यांचा खांदा सैल सोडायला लावला, हात दांडीवर ठेवला, काखेपासून सगळा भाग हाताने पुढे ओढून घेतला आणि पट्टी सावकाश उतरवली. "दुखतंय म्हणा, थांबते." त्या थांबा म्हणाल्या नाहीत. जाडी ४७ आली. तो डाग विरला. एकमेकींवर पडलेल्या ग्रंथी होत्या, दुसरं काही नाही. पदर सावरताना त्या म्हणाल्या, "बाई, हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी सोसलं असतं की." त्यांचे ते आठ दिवस माझ्या घाईने गेले, हे मी आजही विसरलेले नाही.

काखेतल्या पावडरीचंही असंच. एकीच्या फोटोत काखेजवळ रवा सांडावा तसे पांढरे ठिपके आले. ओल्या कापसाने काख पुसून पुन्हा फोटो काढला, ठिपके गेले. पावडर आणि डिओडरंटमधले कण फोटोत हुबेहूब चुन्यासारखे दिसतात.

शिबिरं भरवणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवसाला किती बायका तपासल्या, हा आकडा बातमीत छापण्यासाठी धावू नका. दोन्ही बाजूंचे वरून एक आणि तिरका एक, असे चार फोटो नीट काढायला आणि बाईशी चार शब्द बोलायला एकीमागे पंधरा मिनिटं तरी द्या. पत्रकावर ठळक लिहा, की त्या दिवशी पावडर, डिओडरंट लावू नका, ज्यांची पाळी अजून बंद झालेली नाही त्यांनी ती येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा दाब कमी दुखतो. आणि आधी कधी फोटो काढला असेल तर तो घेऊन या, गादीखाली घडी घालून ठेवलेला असला तरी. डॉक्टरांना मागच्या फोटोशी ताडून बघता आलं तर कितीतरी बायकांची परत यायची फेरी वाचते.

आणि भगिनींनो, खोलीत गेल्यावर तंत्रज्ञ बाईंना बिनधास्त सांगा, "सावकाश दाबा, पण पुरतं दाबा." एका फोटोला पट्टी काही सेकंदच खाली असते.

– एक निवृत्त रेडिओग्राफर, सांगली
(कृपया नाव छापू नये.)