आगमनकाळाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नाताळ हा आनंदाचा सण असताना त्याआधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळात, आमच्या वेदीवर ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातला जांभळा रंग का दिसतो, असे तू गेल्या पत्रात विचारले होतेस. तो प्रश्न वाचून मी थोडा ओशाळलो, कारण कितीतरी वर्षे मीही या दिवसांना नाताळची साफसफाई आणि खरेदी यांपलीकडे फारसे काही समजत नव्हतो.

आगमनकाळ ३० नोव्हेंबरला, म्हणजे प्रेषित अंद्रियाच्या सणाला, सर्वांत जवळ असलेल्या रविवारी सुरू होतो आणि तिथूनच कॅथलिक उपासनेचे नवे वर्ष धरले जाते. त्यामुळे तो कधी पुरे २८ दिवसांचा, तर कधी जेमतेम २२ दिवसांचा भरतो. गंमत अशी की पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात ना गोठा असतो ना बाळ. तिथे असते ती 'जागे राहा' ही ताकीद, कारण प्रभू कोणत्या घटकेला येईल हे कुणालाच ठाऊक नाही. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा रोख मुख्यतः ख्रिस्ताच्या अखेरच्या पुनरागमनाकडे असतो आणि १७ तारखेपासून तो बेथलेहेमकडे वळतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी या दोहोंच्या मधले तिसरे आगमन सांगितले आहे, जे माणसाच्या अंतःकरणात कुणाला न दिसता होते. मला तेच सर्वांत अवघड वाटते. पहिले होऊन गेले, अखेरचे आपल्या हाती नाही, मधल्यासाठी मात्र आतून कडी काढावी लागते.

जांभळा रंग या मनपालटाचा आहे. तरीही हा प्रायश्चित्तकाळ नव्हे, कारण त्या काळात बंद असणारा 'आलेलुया' हा जयघोष आता गायला जातो. थांबते ते 'ग्लोरिया' हे महिमागान, ज्याचे पहिले शब्द ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूतांच्या मुखी होते. रविवारी मिस्सेत क्षमायाचना संपली की सवयीने ते ओठांवर येते आणि गिळावे लागते. त्या अर्ध्या क्षणाच्या शांततेने मला आगमनकाळ जितका कळला, तितका कोणत्याही प्रवचनाने कळला नाही. तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्रे चालतात, कारण त्या दिवसाचे प्रवेशगीतच 'आनंद करा' असे सांगते.

हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एकेक करून पेटवल्या जाणाऱ्या चार मेणबत्त्या मात्र मुळात आमच्या नव्हेत. हॅम्बुर्गमधील योहान विखर्न या लुथरन धर्मसेवकाने १८३९ साली, नाताळ कधी येणार म्हणून विचारणाऱ्या मुलांसाठी, गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि पुढे ही प्रथा कॅथलिकांनीही आपलीशी केली. चौथी पेटते तेव्हा पहिली वितळून बोटाच्या पेराएवढी उरलेली असते.

तुला आवडेल अशी एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी ख्रिस्ताला रोज एका नव्या नावाने हाक मारली जाते: प्रज्ञा, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. या लॅटिन नावांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की 'एरो क्रास' असे शब्द होतात, म्हणजे 'उद्या मी असेन'.

तुझा,
जुना मित्र