पाच मुलांची शाळा आणि अख्खं बेट

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला स्कॉटलंडच्या बेटांवरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते, पण पाच-सात मुलांसाठी शाळा चालवणं म्हणजे श्रीमंत देशाचे लाड, हे जे वाक्य त्यात सहज टाकलंय ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहायला बसले. मी इथे स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावर मॅलेग बंदराच्या बाजूला राहते, समोरच एग, रम, मक आणि कॅना ही चार बेटं, स्मॉल आइल्स म्हणतात त्यांना, तिथली माणसं फेरीबोटीने इकडे कामाला येतात त्यामुळे ओळखीपाळखी आहेत आणि मधूनमधून माझंही जाणं होतं.

एगचंच घ्या. 1997 मध्ये लोकांनी ट्रस्ट काढून, देणग्या गोळा करून अख्खं बेट मालकाकडून विकत घेतलं तेव्हा तिथे साठ-पासष्ट माणसं उरली होती, आज शंभरच्या वर आहेत. लोक परत आले, नवे आले, कारण घराची जमीन मालकाच्या मर्जीवर राहिली नाही, 2008 पासून बेटाची स्वतःची वीज आली (एका घराला एका वेळी 5 किलोवॉटच, म्हणजे किटली, वॉशिंग मशीन, हीटर सगळं एकदम लावायचं नाही), आणि मुलांना शाळा होती. शाळा नसती तर तरुण जोडपी आली असती का? मला नाही वाटत. रमवर 2020 मध्ये 4 नवी घरं बांधली आणि कुटुंबांनी राहायला यावं म्हणून जाहिरात दिली, शेकडो अर्ज आले, आणि तिथल्या लोकांची मोठी आशा हीच होती की शाळेत पोरं वाढतील.

आता शाळेत होतं काय तर पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी मुलं एकाच वर्गात, मोठा छोट्याला वाचून दाखवतोय, बाई एकीकडे भागाकार आणि दुसरीकडे मुळाक्षरं घेतायत. ख्रिसमसच्या आधी नाटक असतं, त्यात पात्रं जास्त आणि मुलं कमी, मग एकच पोरगा आधी मेंढपाळ आणि नंतर राजा. बघायला सगळं बेट येतं, ज्यांना मूलबाळ नाही तेही, कारण जानेवारीपर्यंत बघण्यासारखं दुसरं काही नसतं हो, दुपारी चारला अंधार पडतो. मग खुर्च्या बाजूला सारून ‘केली’ सुरू होते. ‘केली’ म्हणजे फिडल आणि अकॉर्डियनवर सगळ्यांनी मिळून नाचायचं. त्यातल्या एटसम रील नावाच्या नाचाला आठ माणसं लागतातच, आणि लहान बेटावर आठ जण जमवायचे तर वय बघून चालत नाही, आठ वर्षांची मुलगी आणि ऐंशीच्या आजी एकाच गोलात. हे नाच इथल्या शाळांत पीटीच्या तासाला शिकवतात बरं का, त्यामुळे चुकतात ते बहुतेक आमच्यासारखे बाहेरून आलेले.

स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत, तिकडच्या फूला बेटावर तर ख्रिसमस 6 जानेवारीला आणि नवं वर्ष 13 ला, कारण ब्रिटनने 1752 मध्ये कॅलेंडर बदललं तरी त्यांनी जुनंच धरून ठेवलं. तीसेक माणसांचं बेट, पण आपला सण आपल्या तारखेला!

सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी जेटीवर तोच माणूस दोरी पकडायला उभा, आणि प्रत्येक कमिटीवर तीच ती पाच माणसं. मुलांचंही अवघडच, एखादीच्या वयाचं दुसरं कोणी बेटावर नसतंच. आणि साधारण बाराव्या वर्षी मोठी शाळा सुरू झाली की स्मॉल आइल्सची मुलं मॅलेगला हॉस्टेलवर येतात, शुक्रवारी घरी जायचं, पण वारं सुटलं आणि फेरी रद्द झाली तर वीकेंडही इकडेच. काही आईवडील मग म्हणतात एकाला पाठवण्यापेक्षा आपणच जाऊया, आणि धाकटी दोघंही बरोबर जातात. बेटावरच्या शाळेची पटसंख्या एका फटक्यात निम्म्यावर येते ती अशी.

मुलं संपली की काउन्सिल, म्हणजे इथली स्थानिक संस्था, शाळा लगेच कायमची बंद करत नाही, नुसतं कुलूप लावून ठेवते, नवं कुटुंब आलं तर परत उघडता येते. 2010 चा कायदा आहे, ग्रामीण शाळा कायमची बंद करायची तर लोकांशी चर्चा करावी लागते आणि गावावर काय परिणाम होईल तेही बघावं लागतं. तरी काही गोष्टी टिकत नाहीतच, शेटलंडच्या आउट स्केरीजमधला माध्यमिक विभाग, ब्रिटनमधला सगळ्यात लहान, 2014 मध्ये बंद झाला आणि तिथली मुलं शेटलंडच्या मुख्य गावी, लर्विकला जायला लागली. दरडोई खर्चाचा हिशोब लावला तर अशी एकही शाळा वाचणार नाही, मान्य, पण मग फेरी, नर्स, पोस्ट यांचाही तोच हिशोब लावा आणि बघा बेटावर कोण राहतं ते.

पुढच्या वेळी लेख छापाल तर एखाद्या शिक्षिकेशी किंवा हॉस्टेलवरच्या मुलाशी बोलून छापा एवढीच विनंती. आणि तुमच्या वाचकांपैकी कोणी इकडे येणार असेल तर जेटीवरच्या बोर्डावर हॉलमधल्या कार्यक्रमाचा कागद लागलाय का बघा, पाहुण्यांना कोणी अडवत नाही, फक्त परतीची फेरी कधी आहे ते आधी विचारून ठेवा, रोज नसते.

आपली,
एक वाचक, मॅलेगजवळून