माननीय कामगार मंत्री, ९० दिवसांची मुदत कामगाराला सांगायची कोणी?

माननीय कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या रस्त्यांवर मोर्चे निघतात. चोरीचा खोटा आळ घेऊन कामगाराला कामावरून घालवतात, त्या प्रश्नाचा मोर्चा कधी निघत नाही. ज्याच्यावर चोरीचा आळ येतो, तो चारचौघांत तोंड दाखवायलाही धजावत नाही.

माझा धाकटा भाऊ इतवारीत एका गोदामात माल उतरवून घ्यायचा, नोंदी ठेवायचा. एकदा माल कमी भरला. मालकाने त्याला आत बसवलं. ‘राजीनामा लिहून दे, नाहीतर ठाण्यात देतो.’ पोरगा घाबरला, लिहून दिला. पुढे तो माल मालकाच्याच दुसऱ्या गोदामात सापडला. भावाला परत कोणी बोलावलं नाही.

असल्या अन्यायावर कायदा आहे, तोही आपल्याच राज्याचा. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याची चौथी अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, उघडून पाहा. खोट्या किंवा रचलेल्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून कामगाराला काढणं, धडधडीत खोटं कारण देऊन काढणं, चौकशीत त्याची बाजूच न ऐकणं, हे सगळं तिथे अगदी सुरुवातीला लिहिलेलं आहे. त्यावर कामगार न्यायालयात जाता येतं. बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पूर्ण पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला वकील फुकट मिळतो, त्याची कमाई न पाहता.

पण १९७१ च्या त्या कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय तक्रार घेऊ शकतं, मात्र हे सांगायलाही कुणी भेटावं लागतं. भाऊ तेवढे दिवस घराबाहेरच पडत नव्हता. त्यात तो राजीनामा! तो हातात असला की मालक म्हणायला मोकळा, ‘आम्ही काढलंच नाही, हाच गेला.’ धाकाने लिहून घेतला हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर. सीसीटीव्हीत काही असलंच, तर जुन्या चित्रणावर तोवर नवं चढलेलं असतं.

मला नवा कायदा नको. चोरीच्या संशयावरून घेतलेला राजीनामा कामगार अधिकाऱ्यासमोर कामगाराने स्वतः कबूल केल्याशिवाय खरा धरू नये. कामावरून काढल्याचा आदेश लेखी असावा, आणि तक्रार कुठे व किती दिवसांत करायची हे त्यावरच मराठीत छापलेलं असावं. तक्रार येताच सीसीटीव्हीचं चित्रण राखून ठेवण्याची नोटीस मालकाला त्याच दिवशी जावी.

यातलं किती नियमाने आणि किती परिपत्रकाने होईल, ते आपलं खातं जाणतं. येत्या अधिवेशनात सभागृहात याचं उत्तर द्यावं, ही विनंती.

आपला,
इतवारीतला एक नागरिक, नागपूर