फ्रिताता म्हणजे जाड ऑम्लेट नव्हे

महोदय,

मराठी पाककृतींत हल्ली फ्रिताता (अंड्यांत परतलेली भाजी मिसळून मंद आचेवर शिजवलेला इटालियन पदार्थ) ‘इटालियन ऑम्लेट’ या नावाने दिसते. चार अंडी, अर्धा कप दूध, भरपूर चीज आणि मोठी आच. असं केलं की पदार्थ बिघडतो आणि त्यातलं पोषणही अर्धवट राहतं.

इटलीत फ्रिताता अंड्यांइतकीच भाजीची असते. कांदा, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली भाजी), वसंतात शतावरीचे कोंब. नेपल्समध्ये तर आदल्या दिवशीचा उरलेला पास्ता. अंड्यात तंतू नाहीत, ‘क’ जीवनसत्त्व नाही. ती उणीव भाजी भरून काढते. म्हणून चौघांसाठी ६ अंडी घेतली, तर किमान ३०० ग्रॅम भाजी हवी. त्यात ३० ग्रॅम किसलेलं पार्मेझान (मुरवलेलं कडक इटालियन चीज) घातलं, तर माणशी ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पिवळ्या बलकातून ‘बी-१२’ जीवनसत्त्व आणि कोलीन हे मेंदूला लागणारं पोषकद्रव्य मिळतं, तेव्हा बलक काढून टाकू नये. पार्मेझान मुळात खारट, त्यामुळे मीठ बेतानेच.

बहुतेकांची फ्रिताता फसते ती पाण्यामुळे. झुकिनी किंवा पालक कच्चाच घातला की पाणी सुटतं आणि तळ ओला राहतो. भाजी आधी ऑलिव्ह तेलात पाणी आटेपर्यंत परतावी आणि कोमट झाल्यावरच अंड्यांत मिसळावी. गरम घातली तर अंडं तिथल्या तिथे गुठळ्या धरतं. दूध नकोच. अंडी काट्याने जेमतेम एकजीव करावीत. फेस येईपर्यंत फेटलेली फ्रिताता फुगते आणि गॅसवरून उतरवताच बसते.

२४ सेंमीच्या नॉनस्टिक पॅनमध्ये दोन चमचे तेल तापवून मिश्रण ओतावं आणि आच मंद करावी. मोठ्या आचेवर अंड्यातली प्रथिनं आक्रसून पाणी बाहेर टाकतात. पोत रबरासारखा होतो आणि मधला भाग कच्चाच राहतो. आठ-दहा मिनिटांत कडा घट्ट होतात, मधे थोडं हलतं. तेव्हा पॅनवर सपाट ताट पालथं घालून उलटावं, फ्रिताता अलगद परत पॅनमध्ये सरकवावी आणि आणखी तीन मिनिटं ठेवावी. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांसाठी मधला भाग पूर्ण शिजलेलाच हवा.

ती गारही तितकीच चांगली लागते. इटलीत ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीच्या सहलीला डब्यात फ्रिताता नेतात ती त्यामुळेच.

आपल्या पुरवणीत अशी कृती देताना भाजीचं वजन, पॅनचा व्यास आणि आच एवढं तरी जरूर छापावं, ही विनंती.

– एक वाचक